घरातले डोळे

दोन्ही फोटो त्यानं खिडकीजवळच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवल्या आणि दोन पावलं मागं सरकून आत हाक मारली.

"चल गं, कोर्ट भरलं."

बायको ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आली. टेबलाशी येऊन ती अलीकडे उभी राहायची तशीच जरा तिरकी उभी राहिली, मान एका खांद्याकडे कललेली. मानेचं दुखणं, असं त्यानं कधीचंच ठरवून टाकलं होतं.

"उजेडात घ्या की जरा."

त्यानं आधी डावा फोटो खिडकीकडे सरकवला, मग उजवा. ती वाकली. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली, तेवढा वेळ ती वाकलेलीच होती.

"हा," तिनं उजव्या फोटोच्या कडेवर बोट ठेवलं.

"नक्की?"

"आता नक्की काय? शिंप्याच्या हातातली कात्री बघा ना. कशी कोरून काढल्यासारखी आलीय. त्या डाव्यात सगळं कसं लोणी चोपडल्यासारखं."

त्यानं उजवा फोटो उलटा केला. मागं पेन्सिलीनं 'क' लिहिलेला होता. क म्हणजे महागडी लेन्स. त्याचा चेहरा खुलला.

"कोर्ट उठलं," तो म्हणाला.

"उठलं ना? मग चहा टाकते," म्हणत ती आत गेली. जाताना तिनं दाराच्या चौकटीला बोटं लावली. ते त्यानं बघितलं आणि सोडून दिलं.

गल्लीत त्याला सगळे भिंगमास्तर म्हणत. छायाचित्रणाच्या एका मासिकात तो बावीस वर्षं दर महिन्याला एक लेन्स तपासत होता आणि त्याच्या सदराचा नियम एकच होता: ट्रायपॉड वापरायचा नाही. बाकीचे परीक्षक कॅमेरा घट्ट आवळून, भिंतीवर रेघांचे तक्ते लावून लेन्स तपासतात. मास्तरांचं म्हणणं, माणूस फोटो काढतो तो उभ्यानं, घाईत, कोपर बरगडीशी दाबून आणि श्वास रोखून. तिथं फरक दिसत असेल तर बोला, नाहीतर तक्ते भिंतीलाच लखलाभ.

निकाल मात्र त्यानं स्वतः कधीच दिला नव्हता. तो बायकोचा प्रांत. लग्नाआधी तो ज्या स्टुडिओत मदतनीस होता तिथंच ती रिटचिंग करायची. चार केसांच्या ब्रशनं फोटोवरचे धुळीचे पांढरे ठिपके भरून काढायचे, तेही असे की तिथं कधी ठिपका होता हे गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांना कळू नये. तीस माणसांच्या ग्रुप फोटोत कोणाची पापणी लवली ते ती दारातूनच सांगायची. म्हणून सदर सुरू झालं तेव्हा त्यानं दोन लेन्सचे दोन फोटो, मागं खूण करून, तिच्यापुढं ठेवले आणि लेखात लिहिलं, 'घरातल्या डोळ्यांनी हा निवडला.' वाचकांना ते फार आवडलं. पुढं पुढं पत्रं यायची ती घरातल्या डोळ्यांना नमस्कार सांगणारी. त्याला कोणी नमस्कार सांगत नसे.

उजेड कमी असला की तो तिला पुढं उभी करायचा, तिच्या खांद्यावर कोपर टेकवायचा आणि दोघं मिळून श्वास रोखायची. एका चिकित्सक वाचकानं आक्षेप घेतला होता की पत्नीचा खांदा हा ट्रायपॉडच झाला, तेव्हा हा नियमभंग आहे. मास्तरांनी छापील उत्तर दिलं होतं: ट्रायपॉड कधी 'आटपा लवकर, भाजी करपतेय' असं म्हणत नाही.

आणि आता हा महिना. वाचकांचा एकच प्रश्न वर्षानुवर्षं येत होता: या महागड्या लेन्स असतात, त्यांचा फरक हातात कॅमेरा धरून काढलेल्या फोटोत डोळ्यांना दिसतो का? संपादकानं खटपट करून एका कंपनीकडून आठ दिवसांसाठी तसली लेन्स मिळवली. ती मखमलीच्या खोबणीत झोपून आली. मास्तरांनी समोरच्या शिंप्याला दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या भागात कापड कापायला बसवलं, एकाच जागी उभं राहून त्या लेन्सनं बारा आणि आपल्या जुन्या साध्या लेन्सनं बारा फोटो काढले, आणि दोन्हींतला सगळ्यात चांगला एकेक निवडून प्रिंटरला लावला.

चहा पिता पिता त्यानं संपादकाला फोन केला.

"दिसतो," तो म्हणाला. "फरक दिसतो. घरातल्या डोळ्यांनी पंधरा सेकंदांत ओळखला."

"वा मास्तर! मुखपृष्ठावरच टाकतो. लेख संध्याकाळपर्यंत द्याल ना? उद्या सकाळी छपाई आहे."

"तासाभरात देतो."

आणि दिलाही. हात असा सरसर चालला की वाचायला त्रास पडेल अशी एकही ओळ त्यात नव्हती.

दुपारी तो प्रिंटरवर कापड घालायला गेला, तर खालच्या ट्रेमध्ये अजून एक फोटो पालथा पडलेला. त्याला आठवलं, सकाळी मध्येच कागद अडकला होता आणि त्यानं चिडून दोन-तीन बटणं दाबली होती. त्यानं फोटो सरळ केला. तोच शिंपी, तेच कापड. फक्त या फोटोत कात्री मिटलेली होती.

टेबलावरच्या दोन्ही फोटोंत कात्री उघडी होती.

त्यानं भिंग काढलं आणि ते दोन्ही फोटो इंचाइंचानं बघितले. कात्रीची पाती, खडूची रेघ, शिंप्याच्या कानामागं खोचलेली पेन्सिल, बाहीवरचा एक सुटलेला धागा. धागा दोन्हीकडे त्याच वळणाचा. एकच फोटो दोनदा छापला गेला होता आणि त्यानं डोळे झाकून एकावर क आणि दुसऱ्यावर ख लिहिलं होतं. साध्या लेन्सचा फोटो ट्रेमध्येच राहिला होता.

पहिल्यांदा त्याला हसूच आलं. स्वतःचंच. बावीस वर्षांत असला गाढवपणा त्यानं केला नव्हता. आत जाऊन बायकोला सांगावं, दोघांनी मिळून हसावं, म्हणून तो उठलाही. अर्ध्या वाटेवर त्याचे पाय थांबले.

सदराच्या पहिल्याच वर्षी त्यानं तिची गंमत करायला मुद्दाम एकाच निगेटिव्हचे दोन फोटो तिच्यापुढं ठेवले होते. तिनं ते हातातही घेतले नव्हते. "दोन्ही एकच आहेत," असं म्हणून ती वळली होती. "मी चहा करते, तोवर दुसरी थट्टा शोधून ठेवा."

तो परत खुर्चीत येऊन बसला. मग उठून त्यानं कपाटातले जुने अंक काढले आणि जमिनीवर मांडी घालून बसला. कशासाठी ते त्याला धड सांगता आलं नसतं. लेख लिहिण्याआधी तो स्वतःचा अंदाज वहीत टिपून ठेवत असे. ती वही त्यानं शेजारी उघडली. सुरुवातीची वर्षं म्हणजे नुसती मारामारी. त्याला जी लेन्स आवडावी ती तिनं नापास करावी. एका लेन्सपायी दोघांत दोन दिवस अबोला होता. मग अगदी अलीकडचे अंक. गेल्या तीन वर्षांत त्याचा अंदाज आणि तिचा निकाल एकदाही वेगळा नव्हता. एकदाही नाही.

हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. इतक्या वर्षांनी दोघांची नजर एक झाली, असं तो समजत होता. त्याचं त्याला कौतुकही होतं. मागच्याच महिन्यात कोणालातरी त्यानं ते अभिमानानं सांगितलंही होतं.

मग बाकीचं आपोआप आठवत गेलं. ब्रशचा डबा तिनं माळ्यावर टाकला होता, 'आता सगळं कॉम्प्युटरवर होतं' म्हणून. पेपर ती त्याला वाचून दाखवायला लावायची, 'तेवढाच तुमच्या आवाजाचा उपयोग' म्हणून. चहा ओतताना कपाच्या आत बोटाचं पेर. रस्ता ओलांडताना त्याचा दंड धरायची, आणि तो इतकी वर्षं मनातून सुखावत होता. एकेक गोष्ट त्यानं डोळ्यांनी बघितली होती. लेन्समधली केसाएवढी खोट शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातलं दिसलं नव्हतं, आणि याची त्याला इतकी लाज वाटली की स्वयंपाकघरातून तिनं काही विचारलं तेव्हा त्याला ओ देववेना.

संध्याकाळभर तो कमी बोलला. तीही.

सकाळी त्यानं नीट काम केलं. उघड्या कात्रीच्या दोन फोटोंतला एक बाजूला ठेवला, एक घेतला आणि त्याच्या जोडीला ट्रेमधला, मिटलेल्या कात्रीचा, साध्या लेन्सचा फोटो घेतला. मग त्याच्या मनात आलं की कात्रीवरून त्यालाच ओळखता येईल. ती कुठूनतरी त्याच्याकडूनच उत्तर घेते, एवढं त्याला कळून चुकलं होतं; कसं ते माहीत नव्हतं. म्हणून त्यानं दोन्ही फोटोंतले फक्त शिंप्याच्या खांद्याचे आणि चेहऱ्याचे तुकडे मोठे करून छापले, मागं क आणि ख लिहिलं, आणि फोटो पाठीमागं धरून डोळे मिटून पत्ते पिसावेत तसे खालीवर केले. आता कुठला कुठला हे त्यालाही ठाऊक नव्हतं. अशी चाचणी बावीस वर्षांत त्यानं पहिल्यांदाच घेतली.

"येतेस का गं जरा?"

"आज परत? निकाल दिला ना काल."

"एक शंका आहे."

ती आली. तिरकी उभी राहिली. त्यानं डावा फोटो खाली ठेवला, मग उजवा. ती वाकली आणि वाट बघत राहिली. आता माहीत असल्यामुळं त्याला ते स्पष्ट दिसलं: ती बघत नव्हती, वाट बघत होती. शिंप्याच्या मशीनची घरघर सुरू झाली, थांबली, परत सुरू झाली.

"उजेडात घ्या."

त्यानं दोन्ही सरकवले.

"अजून जरा."

त्यानं आणखी सरकवले. तिचं बोट टेबलाच्या कडेवरून पुढं आलं, दोन्ही फोटोंच्या मधल्या लाकडावर थांबलं आणि तिथंच राहिलं. मग तिनं ते परत घेतलं.

"आज तुम्हालाच माहीत नाही," ती म्हणाली.

टेबलावरच्या दोन चेहऱ्यांकडे तो बघत होता. एक शिंपी आणि दुसरा शिंपी. त्यानं भिंग लावलं. एकीकडे भुवईचे केस जरा मोकळे वाटले, मग दुसरीकडे तेच केस तितकेच मोकळे वाटले. कॉलरची शिवण, गालावरचा तीळ, चष्म्याच्या काचेतली खिडकी. त्यानं फोटोंच्या जागा बदलल्या, परत बघितलं. बावीस वर्षं लेन्स तपासणाऱ्या माणसाला दोहोंत काडीचाही फरक सांगता येत नव्हता.

"बसा," बायको म्हणाली. तिनं हातानं चाचपून खुर्ची ओढली आणि आपणही बसली. "कधी कळलं?"

"काल. कालचे दोन्ही फोटो एकच होते. प्रिंटरनं घोळ घातला."

तिच्या कपाळावर आठी पडली.

"एकच होते?"

"हो."

"मग उजवा ठेवताना तुमचा हात का रेंगाळला?"

त्याला प्रश्न कळला नाही.

"चांगला फोटो ठेवला की तुम्ही हात पटकन काढून घेत नाही," ती म्हणाली. मुलांना समजवावं अशा आवाजात. "आणि नाकानं श्वास सोडता. एवढासाच. खांद्यावर कोपर टेकवायचात तेव्हापासून मला माहीत आहे तो. फोटो साधला की तो श्वास येतोच. मला डोळ्यांचं काय काम पडलं? काल उजव्याला आला. दोन्ही एकच होते, तर उजव्यालाच का आला?"

उजव्यावर त्यानं क लिहिलं होतं म्हणून. लेन्स मखमलीतून आली होती म्हणून. हे उत्तर त्याच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. तीन वर्षं ती त्याचा श्वास वाचत होती आणि तो तिच्या नावानं छापत होता. आणि तो श्वाससुद्धा फोटो बघून सुटत नव्हता, पाठीमागचं अक्षर आठवून सुटत होता.

"आणि कात्री?" त्यानं विचारलं. "कोरून काढल्यासारखी म्हणालीस."

"तुम्हीच तर परवा जेवताना सांगितलंत, कात्री फार झकास आलीय म्हणून. मी आपलं तेच सजवून परत केलं."

त्याला हसू आलं आणि ते मध्येच मोडलं.

"किती दिसतं?"

"कडेकडेचं दिसतं. मधोमध डाग आहे. जिथं बघेन तिथं डाग. तुमच्या तोंडाकडे बघितलं की तोंड जातं, कान राहतात." ती जरा हसली. "कान बरे आहेत तसे तुमचे. आधी कधी नीट बघितले नव्हते."

"डॉक्टर?"

"दोनदा जाऊन आले. मोठ्या जाऊबाईंबरोबर."

"वहिनीला माहीत आहे?"

"त्यांच्यावर चिडू नका. मीच शपथ घातली होती."

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. आता इंजेक्शनं निघालीत, मी वाचलंय."

"ती ज्याला चालतात तो प्रकार वेगळा. हा तो नाही. दुसरा डॉक्टरच होता तो, जो हे म्हणाला." तिनं ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला पंचा काढून मांडीवर घडी केला, मोडला, पुन्हा घडी केला. "जन्मभर लोकांचे ठिपके भरले. हा भरायला ब्रश नाही म्हणाले. वाढत जाणार."

समोर शिंप्याचं मशीन थांबलं होतं. कोणीतरी गिऱ्हाईक आलं असावं. बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता.

"मला का नाही सांगितलंस?" त्याचा आवाज चढला, आणि चढलेला त्याला स्वतःलाच ऐकवेना. "तीन वर्षं! मी काय परका होतो?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"काय म्हणजे? सगळं केलं असतं."

"सगळं केलं असतं. आणि मला फोटो दाखवायचं बंद केलं असतं." ती त्याच्या बाजूला बघत होती, म्हणजे त्याच्या कानाकडे. "आपली मुलगी तिकडं लांब. येतो तो फोन पाच मिनिटांचा. दिवसभरात आपण दोघं दुसरं बोलतो काय हो? भाजी काय आणायची, दूध उतू गेलं का. महिन्यातून एकदा तुम्ही हाक मारता, कोर्ट भरलं म्हणून. मला तेवढं सोडायचं नव्हतं."

'बंद केलं नसतं' असं त्याला म्हणावंसं वाटलं, पण ते खोटं होतं. त्यानं बंद केलं असतं. तिच्या डोळ्यांना ताण नको म्हणून, मोठ्या मायेनं, त्याच दिवशी बंद केलं असतं.

तो उठला आणि त्यानं संपादकाला फोन लावला.

"तो निकाल मागं घ्यायचाय."

"मागं? मास्तर, छपाईचा फर्मा मशीनवर चढला. मुखपृष्ठ तर छापूनही झालं."

"चूक झालीय माझ्याकडून. फोटोंचा घोळ झाला. आणि तसंही..." तो थांबला. बायको तिकडून ऐकत होती. "फरक दिसत नाही."

"तुम्हाला दिसत नसेल हो," संपादक मोकळेपणानं हसला. "घरातल्या डोळ्यांना दिसला ना? वाचकांना तेच हवं असतं. पुढच्या अंकात टाकू काहीतरी खुलासा, आधी हा जाऊ दे."

फोन ठेवून तो टेबलाशी परत आला.

"काय म्हणाला?"

"छापायला गेलं."

"मग झालं," ती म्हणाली. तिनं टेबलावरचे दोन्ही फोटो चाचपून उचलले, एकावर एक ठेवले, कडा सारख्या केल्या आणि त्याच्या हातात दिले. मागं कुठलं अक्षर आहे ते त्यानं बघितलं नाही. ड्रॉवर उघडून ते त्यानं आत टाकले आणि ड्रॉवर लावला.

लेन्स दुसऱ्या दिवशी परत जायची होती. दुपारनंतर तो ती पुसून ठेवायला बसला. पुढची काच, मागची काच, कडेची खाच. डब्यात ठेवायला म्हणून उचलली आणि ठेवली नाही. कॅमेऱ्याला लावली.

"जरा इकडं ये गं."

"आता काय?"

"खिडकीतून शिंप्याचं दुकान काढतो. उजेड उतरलाय, खांदा लागेल."

ती आली. खांद्यासाठी कितीतरी महिन्यांनी आली. खिडकीपुढं त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली, पायांत थोडं अंतर, हात गजांवर, जशी स्टुडिओत पहिल्यांदा उभी राहिली होती तशीच. त्यानं तिच्या खांद्यावर कोपर टेकवलं. खांदा त्याच्या आठवणीपेक्षा बारीक होता. हाड थेट कोपराला लागलं. समोर शिंप्यानं दुकानातला दिवा लावला होता आणि तो दोरा दातानं तोडत होता. लेन्समधून सगळं अगदी स्वच्छ दिसलं. हे तिला दाखवता येणार नव्हतं. जगातल्या कुठल्याच लेन्सनं येणार नव्हतं.

त्यानं श्वास रोखला. पुढं तिनंही रोखलेला त्याला कोपराशी कळला. त्यानं बटण दाबलं.

"आला?" तिनं विचारलं.

कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर त्यानं बघितलं. दुकानाच्या चौकटीला दोन दोन कडा आल्या होत्या. दिवा ओघळला होता. शिंप्याला तोंड नव्हतं.

"छान आलाय," तो म्हणाला.

ती कान देऊन उभी होती.

"हललाय," ती म्हणाली.

"किंचित."

"माझाच खांदा हलला असेल."

"नाही, माझा हात."

"असू दे, कोणाचंही असू दे. परत काढा." तिनं गजांवरची मूठ घट्ट केली. "उजेड पुरेल?"

त्यानं कॅमेऱ्यातले आकडे बघितले. पुरणार नव्हता. शटर आणखी हळू करावं लागणार होतं, आणि इतक्या हळू शटरला कुठलाच खांदा पुरत नाही हे त्याला माहीत होतं.

"पुरेल," तो म्हणाला.

ती किंचित हसली; ते म्हणताना त्याचा श्वास कसा होता ते तिनं ऐकलं होतं. तरी तिनं खांदा ताठ केला आणि तो तयार व्हायची वाट बघत उभी राहिली.